जेवून झोपलो आणि पाय गेले

त्या जानेवारीत आमच्या घरात रोज पंख्यावरून भांडण व्हायचं. लालबागला सहाव्या मजल्यावर आमचं घर. जुनी चाळ पाडून तिच्या जागी इमारत उभी राहिली, तिच्यातलं. आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी चादरी लपेटून बसायच्या आणि मी नुसत्या बनियनवर पंख्याखाली, तरी घामाघूम.

"मेल्या, पंखो बंद कर. माका थंडी वाजता," आई म्हणायची. तिचं सगळं आयुष्य गिरणगावात गेलं, पण घरात ती मालवणीच बोलते. मी पंखा बंद करायचो आणि दोन मिनिटांत पुन्हा लावायचो.

दिवाळीपासून माझं हे सुरू होतं. एका जागी बसवत नव्हतं. टीव्हीसमोर बसलो की उठावंसं वाटे, उठलो की खिडकीशी जावंसं वाटे, खिडकीशी गेलो की तिथे कशाला आलो ते आठवत नसे. भूक मात्र राक्षसासारखी. डब्यात चारच्या जागी आठ चपात्या जायला लागल्या, वर संध्याकाळी दोन वडापाव. आणि तरी वजन उतरत होतं. पट्ट्याला दोनदा नवीन भोक पाडून घेतलं. भेटेल तो म्हणे, "काय रे, जिम लावलीस काय? मस्त बारीक झालास." मलाही ते बरं वाटायचं. छातीत धडधडायचं, जिना चढताना मांड्या शिसं भरल्यासारख्या जड व्हायच्या, ते मी कुणाला सांगत नव्हतो. शेवटी बायकोनं धरून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, "धंद्याचं टेन्शन आहे. जरा फिरायला जात जा."

फिरायला! मी दिवसभर फिरतच होतो.

माझा धंदा दात बनवायचा. दादरला एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर माझी छोटी डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्याचा प्लास्टरचा साचा करतो, त्यावर मेणात एकेक दात बसवतो आणि त्यावरून कवळी तयार होते. सगळं हाताचं काम. मेण गरम असतं तेव्हा दात हवा तसा फिरवता येतो, थंड झालं की तो तसाच राहतो. एवढंच त्यातलं गुपित आहे, पण ते हातात उतरायला मला सहा वर्षं लागली.

ज्यांनी ते उतरवलं ते काका माझ्याच लॅबमध्ये बसायचे. माहीमच्या कोळीवाड्यातले. घरातले सगळे मासळीत, हे एकटेच दातांत आले. मी एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ते दुसऱ्याच्या लॅबमध्ये मुख्य कारागीर होते. पुढे ती लॅब बंद झाली, मी स्वतःची काढली आणि पहिला फोन त्यांना केला. ते आले. रोज साडेदहाला यायचे, चष्मा पुसायचे, ॲप्रन चढवायचे आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. दुपारपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. मला ते फार आवडायचं. पण त्या वर्षी तेच सोसेना. ते इतके हळू का काम करतात, मेणाची सुरी इतक्या वेळा का पुसतात, हे बघून माझ्या अंगाला मुंग्या यायच्या.

"घाई करू नको," ते म्हणायचे. "मेण थंड होऊ दे."

"काका, मेण थंड होईपर्यंत पेशंट म्हातारा होईल."

आधी आम्ही दोघं यावर हसलो असतो. आता ते माझ्याकडे नुसते बघायचे.

मार्चमध्ये गिरगावच्या एका डॉक्टरांची पूर्ण कवळी आमच्याकडे परत आली. एकदा नाही, दोनदा. वरचे पुढचे दात तिरपे बसले होते. तिसऱ्या खेपेला डॉक्टर स्वतःच पोटमाळ्याचा तो उभा जिना चढून आले. चांगले गृहस्थ, ओरडले नाहीत. फक्त साचा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे बघा. पेशंट बाई माझ्याकडे रडल्या हो."

ते दात मी बसवले होते. त्या दिवसांत माझे हात थरथरत होते, ते लपवायला मी कोपर टेबलाला टेकवून काम करायचो. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून काय निघालं, तर, "डॉक्टर, काय सांगू, काकांचे डोळे गेलेत आता. काही दिसत नाही त्यांना. जुना माणूस म्हणून बसवून ठेवलंय." आवाज इतका चढला होता की खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

काकांनी हातातली सुरी पुसली. ॲप्रन काढला, त्याची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली. जेवणाचा डबा उचलला. डॉक्टरांना "येतो" म्हणाले, मला काही म्हणाले नाहीत. उतरताना एकेका पायरीवर थांबत गेले. मी त्यांच्या मागे धावायला हवं होतं. मी काय केलं, तर तोच साचा पुढे ओढला आणि पुन्हा दात बसवायला लागलो. हात थांबेनातच.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "तू काकांना असं बोललास?"

"मग काय करू? धंदा बुडवू?"

"तू हल्ली कोणाशी नीट बोलतोस, सांग. काल पोरगी पाण्याचा ग्लास सांडला म्हणून तासभर रडत होती. ग्लास तिनं सांडला होता, रडली तुझ्या ओरडण्यानं."

मी घराबाहेर पडलो आणि भारतमाता चौकापर्यंत चालत जाऊन परत आलो. मग पुन्हा गेलो.

एक मे रोजी इमारतीत सत्यनारायणाची पूजा असते. त्या सकाळी लिफ्ट बंद पडली होती आणि खुर्च्या, पातेली, ताटं गच्चीवर न्यायची होती. मी सगळ्यांच्या पुढे. कोणी दोन खेपा केल्या, मी नऊ केल्या. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मग पंगतीत बसलो आणि प्रसादाचा शिरा, पुऱ्या, जिलेब्या असं जेवलो की वाढणाराच म्हणाला, "भाऊ, पोट आहे की गोणी?" घरी येऊन दीडच्या सुमारास आडवा झालो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली.

जागा झालो तेव्हा पाच वाजले होते. आई चहा घेऊन उभी होती. मी उठायला गेलो आणि उठलो नाही. पाय होते, दिसत होते, आईनं चादर ओढली ती पावलांना कळत होती, पण हलवायला गेलो की काहीच होत नव्हतं. जणू मी दुसऱ्याच कुणाच्या पायांना हुकूम सोडत होतो. हात उचलले तर खांद्यापर्यंतही येईनात.

"उठ रे, चाय निवली," आई म्हणाली.

"आई, पाय हलत नाहीत."

"सोंगां करू नको."

"आई, खरंच."

तिनं कप खाली ठेवला, माझा गुडघा उचलला आणि सोडला. तो धपकन पडला. मग ती जी ओरडली, "माझ्या झिलाचे पाय गेले गो!" की सगळा मजला गोळा झाला.

पाच मिनिटांत घरात वीस माणसं. कोणी म्हणे लकवा, कोणी म्हणे नऊ खेपा केल्या, मणका सरकला. आईनं देव्हाऱ्यातला अंगारा माझ्या कपाळाला, गुडघ्यांना, तळपायांना लावला. मुलगी दाराआडून बघत होती. बायको तेवढी शांत. तिनं शेजाऱ्यांकडून हातांची प्लास्टिकची खुर्ची मागवली, मला तिच्यात बसवलं, चादरीनं छातीपाशी बांधलं आणि चार जणांनी सहा मजले मला खाली नेलं. प्रत्येक वळणावर ते "हळू, हळू" म्हणत होते. ज्या जिन्यावरून मी सकाळी खुर्च्या नेल्या होत्या त्याच जिन्यावरून मी खुर्चीत उतरत होतो आणि पहिल्यांदाच मला कुठे जायची घाई नव्हती. भीतीनं सगळी घाई गिळून टाकली होती.

परळच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. तिनं गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय उडाला नाही. मग तिनं विचारलं, "दुपारी काय जेवलात?"

मला वाटलं, चेष्टा करते. बायको म्हणाली, "शिरा, पुऱ्या, जिलेबी. भरपूर."

"त्याआधी काही जड काम?"

"जिन्यावरून नऊ खेपा."

"आणि मग झोपले?"

"हो."

तिनं माझा एक हात स्वतः उचलून धरला, बोटं पसरायला लावली आणि त्यावर केसपेपरचा एक कागद ठेवला. कागद पानासारखा फडफडला. मग तिनं माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "गिळा," म्हणाली. मी गिळलं. "वजन कमी झालंय? घाम? चिडचिड?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "चिडचिड," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

रक्त गेलं, छातीला तारा लावून पट्टी काढली. तासाभरात डॉक्टरीण परत आली. "पोटॅशियम दोनच्याही खाली आहे. फार कमी. म्हणून स्नायू बंद पडलेत. पण बहुतेक तुमचा मूळ आजार पायात नाही, गळ्यात आहे. थायरॉइड जास्त चालत असेल तर काही पुरुषांना असं होतं. दमणूक, वर भरपूर गोड, वर झोप. रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं आणि पाय जातात."

"परत येतील?"

"उद्यापर्यंत चालाल."

आई बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "शिरो वायट होतो काय?"

"नाही हो आजी," डॉक्टरीण म्हणाली, "शिरा चांगलाच असणार. म्हणून तर एवढा खाल्ला."

त्यांनी एक कडू, खारट औषध दर थोड्या वेळानं पाजलं, ज्याची चव आठवली तरी आजही तोंड वाकडं होतं. छातीच्या तारा काढल्या नाहीत, कारण पोटॅशियम भराभर वाढलं तरीही धोकाच. सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला. दुपारी मी भिंत धरून मुतारीपर्यंत गेलो. वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले, त्याला वाटलं चमत्कार झाला. दोन दिवसांनी थायरॉइडचा रिपोर्ट आला. तिचा अंदाज बरोबर होता.

घरी आलो तो दोन गोळ्या घेऊन. एक ठोके आवरायची, दुसरी थायरॉइड दाबायची. दुसरीबद्दल डॉक्टरीण दोनदा बजावून म्हणाली होती, "घसा दुखला, ताप आला, तोंड आलं, तर ही गोळी बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. वाट बघायची नाही. हजारात एखाद्याला होतं, पण होतं." बायकोनं ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. आणि खाली: भात कमी, गोड नाही, जेवून लगेच झोपायचं नाही. आईनं घरातली साखर वरच्या फळीवर ठेवली.

सहा आठवडे छान गेले. हात शांत झाले, पट्ट्याचं एक भोक मागे आलं. मी काकांना फोन लावावा म्हणून दोनदा मोबाईल हातात घेतला आणि दोनदा ठेवला. आधी पूर्ण बरा होऊ दे, मग जाऊ, असं मनाशी म्हणालो.

जूनच्या मध्यात इमारतीत सगळ्यांना ताप होता. मुलीला झाला, शेजाऱ्यांना झाला, मग माझा घसा धरला. मी मिठाच्या गुळण्या केल्या, आईनं हळदीचं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. मी तापाची गोळी घेतली आणि वर ती थायरॉइडचीही घेतली, कारण ती चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं बसलं होतं. फ्रिज उघडताना तो कागद रोज समोर असायचा. रोज समोर असला की दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी मला थुंकीसुद्धा गिळता येईना. बायको ऑफिसातून आली, माझ्याकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं.

"कधीपासून?"

"अगं सगळ्यांनाच आहे. आणि उद्या दोन कवळ्या द्यायच्यात."

"मी विचारलं कधीपासून."

"परवापासून."

ती चप्पल न काढता तशीच वळली. "ऊठ."

रक्ताचा रिपोर्ट बघून त्या डॉक्टरीणबाईंनी खुर्चीच मागे सरकवली. पांढऱ्या पेशींतल्या ज्या जंतूंशी लढतात त्या जवळपास शून्यावर आल्या होत्या. जी गोळी गळ्यातली ग्रंथी शांत करत होती तिनं हाडांतला कारखानाच बंद पाडला होता. "आणखी दोन दिवस थांबला असतात तर," ती म्हणाली आणि दाखल करायचा कागद पुढे ओढला. ती गोळी त्या क्षणापासून माझ्यासाठी कायमची बंद झाली.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. येणाऱ्यानं मास्क लावून, हात धुवून यायचं, फळं नाहीत, फुलं नाहीत. शिरेतून औषधं आणि रोज एक इंजेक्शन, पेशी वाढवायचं. त्यानं कंबरेची आणि मांडीची हाडं आतून कुणी कुटतंय अशी दुखायची. डॉक्टर म्हणायचे, दुखतंय म्हणजे कारखाना सुरू होतोय. गोळी बंद झाल्यानं थायरॉइड परत डोकं वर काढत होता. त्या खोलीत सात पावलं एका बाजूला, सात दुसऱ्या. सलाईनचा स्टँड ढकलत मी ती हजार वेळा चाललो असेन. नर्स दारातून ओरडायची, "दादा, बसा हो जरा, तुम्हाला बघून मला चक्कर येते."

काका त्याच खोलीत माझ्या मागे लागले. म्हणजे त्यांचं ते ॲप्रनची घडी करणं. मी स्वतःला समजावायचो, तो तू नव्हतास, ते हार्मोन होतं. रिपोर्टमध्ये आकडे आहेत, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मग वाटायचं, मुलीवर ओरडलो तेही हार्मोन. बायकोला 'धंदा बुडवू का' म्हणालो तेही हार्मोन. मग त्या सहा महिन्यांत माझं म्हणून काय होतं? घरी कितीतरी हसलोही होतो, मुलीला खांद्यावर घेऊन राणीच्या बागेत धावलो होतो. तेही त्याचंच? वाईट तेवढं आजाराच्या नावावर टाकायचं आणि चांगलं स्वतःकडे ठेवायचं, हे जमेना. पुन्हा उठून चालायला लागायचो.

आठव्या दिवशी पेशी वर आल्या. बायको मास्कच्या आडून रडली आणि मग लगेच म्हणाली, "आता पुढे काय?"

पुढे एकच सोपी वाट होती, किरणोत्सारी आयोडीन. ते पोटात घ्यायचं, ते थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं आणि ग्रंथी हळूहळू जाळतं. दुखत नाही, पण काही दिवस माणसातून किरणं निघतात. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. चार वर्षांची मुलगी आमच्या दीड खोलीत लांब कुठे ठेवणार? मग बायकोच्या मामांची गिरगावातली चाळीतली खोली आठवली. मामा मुलाकडे पुण्याला गेले होते, खोली बंद होती. जुलैमध्ये एके दिवशी हॉस्पिटलमध्ये एक बारकी कॅप्सूल गिळली, पाण्याचा एक घोट घेतला आणि किल्ली खिशात टाकून एकटा गिरगावला गेलो. जाताना टॅक्सीत मागच्या सीटच्या अगदी कडेला बसलो. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "क्या हुआ भाई, सीट गीला है क्या?"

खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि मामांची बंद घड्याळं. बाहेर लांबलचक गॅलरी. मी दिवसभर त्या गॅलरीत येरझाऱ्या घालायचो, कुणी आलं की आत शिरायचो. शेजाऱ्यांना संशय आला असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची तरुण मुलगी, सातवा-आठवा महिना असेल, हातात झाकलेलं ताट घेऊन आली.

"मामांचे जावई ना? आईनं भाजी-भाकरी—"

"पुढे येऊ नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की ताटातली वाटी कलंडली.

ती जागच्या जागी थांबली. चेहरा पडला. "आम्ही काही—"

"नाही नाही, तसं नाही ताई. माझ्यातून किरणं निघतात. तुमच्या बाळाला." हे बोलताना मी वेडा दिसत असणार हे मला कळत होतं. मग मी गॅलरीच्या टोकाशी मागे सरकत सगळं सांगितलं, कॅप्सूल, मुलगी, डॉक्टर. तिनं ऐकून घेतलं, मग फिस्सकन हसली. "म्हणजे तुम्ही अंधारात चमकता?"

"बघितलं नाही अजून."

तिनं ताट गॅलरीत जमिनीवर ठेवलं आणि दहा पावलं मागे गेली. "घ्या आता. ताट धुऊन तिथेच ठेवा, आई उचलेल." पुढचे दिवस तसंच चाललं. ती त्या टोकाला दारात खुर्ची टाकून बसायची, मी या टोकाला, आणि आम्ही ओरडून गप्पा मारायचो. तिला मुलगी हवी होती. माझी मुलगी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यायची, पडद्याला नाक लावायची आणि विचारायची, "बाबा, तू आमच्यावर रागावून गेलास?" पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा तिच्या हातातला फोन बायकोनं घेतला. दहाव्या दिवशी घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती, पण लगेच जवळ आली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसलो. मग आली.

आयोडीनचं काम हळू चालतं. ऑगस्ट-सप्टेंबर मी भात चमच्यानं मोजून खाल्ला आणि जेवल्यावर झोप येऊ नये म्हणून उभा राहिलो. ऑक्टोबरमध्ये एकदम उलटं झालं. आता मला थंडी वाजायला लागली, पंखा मीच बंद करायचो. आवाज जाड झाला, पोटऱ्यांत गोळे यायचे, लॅबमध्ये साच्यावर डोकं ठेवून झोप लागायची. ग्रंथी जळून गेली होती. "मला तो धावणारा नको होता," बायको म्हणाली, "पण हा पेंगणाराही नकोय." मग थायरॉइडची उणीव भरून काढणारी नवी गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आयुष्यभर. थोडी वाढवली, थोडी कमी केली, पुन्हा वाढवली. जानेवारीपर्यंत मी मला ओळखीचा वाटायला लागलो.

तेव्हा माहीमला गेलो. फोन केला नाही, केला असता तर त्यांनी नको म्हटलं असतं. काकांची बायको दारात बसून कोळंबी सोलत होती. तिनं मला बघितलं, आत हाक मारली आणि पुन्हा सोलायला लागली.

काका बाहेर आले. "आजारी होतास म्हणे."

मी सगळं सांगितलं. पाय, रक्त, कॅप्सूल.  मग मी म्हणालो, "काका, त्या दिवशी डॉक्टरांसमोर जे बोललो, तो मी नव्हतो. आजाराची डोकेफिरी होती ती."

त्यांनी हात वर केला. "थांब. पाय गेले ते आजारानं, मान्य. रक्त गेलं ते गोळीनं, मान्य. माझे डोळे गेलेत असं तुला कधी वाटलं? आजारात, की आधी?"

 खरं म्हणजे त्याच्या दोन वर्षं आधीपासून, ते संध्याकाळी निघाले की मी त्यांचं काम दिव्याखाली धरून तपासायचो. बारीक काही चुकलं असेल तर सुधारून ठेवायचो.

"आधी," मी म्हणालो.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि परक्या माणसासमोर बोललास तेव्हा काय बरं वाटलं?"

काकू कोळंबी सोलता सोलता थांबली. काकांनी चष्मा काढून दाखवला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जूनमध्ये एक काढला, सप्टेंबरात दुसरा. तू बोललास ते खरं होतं. म्हणून जास्त लागलं."

"ते दात तुम्ही नव्हते बसवले काका. मी बसवले होते."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "माझा हात मला ओळखता येत नाही काय?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मी म्हणालो, "परत या."

"नाही. माझी जागा भरलीस?"

"नाही."

"मग भर." ते उठले. "चहा घेऊन जा."

चहा काकूनं दिला. निघताना तिनं कोळंबीची पिशवीही हातात ठेवली.

मार्चमध्ये मी एक कारागीर ठेवला, चाळिशीचा, शीवहून येतो, कामाला ठीक आहे. काका त्यानंतर दोनदा लॅबमध्ये येऊन गेले. बसले नाहीत. खिडकीपाशी उभ्या उभ्या त्याचं काम बघितलं, मला दोन चुका दाखवल्या आणि जिना उतरून गेले. पहिल्या खेपेला मी खालपर्यंत सोडायला गेलो, दुसऱ्या खेपेला त्यांनी नको म्हटलं.

माझी गोळी अजून पूर्ण जागेवर बसलेली नाही. दर काही आठवड्यांनी परळला रक्त द्यायला जातो, आकडा कधी थोडा वर, कधी थोडा खाली. गरम होऊन आवाज चढला की राग आजाराचा की माझा हे बघायला मी आधी मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजतो. बहुतेक वेळा ते बरोबर असतात.